धनुकाकू चालल्या ती हद्द

पुणे, ता. २० नोव्हेंबर १९६१

ती. अक्कास,
पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आत्ता उत्तर लिहितो आहे. तेव्हा शिव्या दोन ओळींत आटप, कारण बातमी मोठी आहे. मी शहाद्याला येतो आहे, आणि तेही पाहुणा म्हणून नाही, सरकारी कामावर.

गावाच्या वाढीचा नकाशा आमच्या ऑफिसकडे आला आहे. आजवर आम्ही काय करत आलो? साखळी घेऊन जायचं, मोजायचं, पुण्यात टेबलावर रस्ते आखायचे आणि पाच वर्षांनी लोक त्या रस्त्यावर गुरं बांधतात म्हणून कपाळाला हात लावायचा. मी साहेबांना म्हटलं, एकदा लोकांनाच आखू द्या. ते हसले, पण हो म्हणाले.

पद्धत माझी आहे, म्हणून जरा फुशारकी सहन कर. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने सगळा भाग मोठा आखायचा. गोमाई नदी, बाजार, एस.टी. स्टँड, गल्ल्या, घरं. मग ज्याचं घर जिथे, तिथे त्याने येऊन उभं राहायचं. कागद वाचता येत नसला तरी आपलं घर कुणाला कळत नाही? नंतर ज्याला जिथून नवी वाट जावीशी वाटते त्याने तिथून चालून दाखवायचं. आम्ही मागून फक्की टाकत जाऊ. पटलं नाही तर बसून बोलायचं आणि दुसऱ्याने चालायचं.

रविवारी, सतरा डिसेंबरला बैठक आहे. सुरुवात तुमच्याच गल्लीपासून, कारण तिथून कापसाच्या गाड्यांना बाजाराकडे जायला नीट वाट नाही. बायकांना घेऊन ये. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
पितांबर

•

शहादा, ता. २९ नोव्हेंबर १९६१

चि. पितांबर यास,
अक्काचे आशीर्वाद.

शिव्या दोन ओळींत आटपत नाहीत, म्हणून तू समोर आलास की देईन. सरकार आम्हाला विचारणार हे वाचून मी दोनदा पाकिटावरचा पत्ता पाहिला. बायकांचं मी बघते. पोरगं कुठे परसाकडे बसतं, पाणी कुठे तुंबतं, गाडी कुठे रुतते, हे पुरुषांपेक्षा आम्हाला जास्त ठाऊक असतं.

पण एक गोष्ट कान उघडे ठेवून वाच. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. मामा तुला पुण्याला घेऊन गेला, त्यामुळे इथलं तुला काही माहीत नाही. आमच्या घराच्या आणि धुडकूभाऊंच्या घराच्या मधे जी मोकळी बखळ आहे, ती कुणाची हे बारा वर्षं ठरलेलं नाही. धुडकू म्हणजे यांचा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या बापांनी वाटणी तोंडी केली आणि दोघेही एका पटकीत गेले. साक्षीला उरल्या फक्त धनुकाकू, धुडकूची आई. त्या बोलत नाहीत. विचारलं की भाकरी थापत बसतात.

मागल्या होळीला त्या बखळीत यांनी तुरकाट्या रचल्या, तर धुडकूने विळा घातला. यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मातीत पडली. मी ती पदरात उचलली आणि वेड्यासारखी पुन्हा हाताला लावून बघत होते. आठ दिवसांनी यांनी धुडकूचा सगळा कडबा पेटवला. त्यात त्याची गाभण म्हैस दावणीला बांधलेली होती. तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. तुझ्या दाजींची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. दोघेही माजलेले आहेत.

तेव्हा तू कुठेही फक्की टाक, त्या बखळीत टाकू नकोस.

तुझी अक्का

•

पुणे, ता. २१ डिसेंबर १९६१

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

अजून माझ्या बुटांना तुमच्या मैदानाचा चुना आहे आणि मी तो पुसत नाही. अक्का, तू पाहिलंस ना? चारशे माणसं आली. तुझ्या बायकांनी पहिल्या तासात तीन मोऱ्यांच्या जागा बदलायला लावल्या. साहेब म्हणाले, असं कधी पाहिलं नव्हतं.

बखळीचं तू बजावलं होतंस. पण तिथून वाट नेल्याशिवाय गाड्या बाहेर पडतच नाहीत, मी तरी काय करू? दाजी आणि धुडकूभाऊ दोघे आपापल्या घरावर उभे राहून एकमेकांकडे बघत होते. मी म्हटलं, पुरुष नको, कुणीतरी वडीलधारं चाला. तर धनुकाकू उठल्या. मी हात जोडून म्हणालो, "काकू, तुम्हाला वाट जिथून हवी तिथून चाला."

त्यांनी काय करावं? कुणालातरी धाडून खऱ्या बखळीतलं मातीचं ढेकूळ मागवलं. वहाणा काढल्या, पदर बांधला, ढेकूळ पळसाच्या पानावर ठेवून डोक्यावर घेतलं आणि चालल्या. अगदी धुडकूभाऊंच्या भिंतीला घासून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अक्का, नकाशावर चालताना खरी जागा डोक्यावर घ्यायची, हे आमच्या कुठल्या पुस्तकात नाही. सगळं मैदान उठून उभं राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोटो घेतला, तो अहवालाच्या पहिल्या पानावर घालणार आहे.

स्वतःच्या दारावरून वाट जावी असं त्यांना वाटलं, आणि ते बरोबरच आहे. म्हातारपणी वाट दाराशी हवीच. धुडकूभाऊ काही न बोलता निघून गेले, म्हणजे त्यांनाही मान्य दिसतं. बारा वर्षांचं भांडण पाव तासात मिटलं. आता तरी म्हण, भाऊ कामाचा आहे.

तुझा,
पितांबर

•

शहादा, ता. २८ डिसेंबर १९६१

चि. पितांबर,
आशीर्वाद.

भाऊ कामाचा आहे. आता काय काम केलंस ते ऐक.

मी त्या वेळी बायकांच्या घोळक्यात मागे होते. मैदान उठलं तेव्हा मला कळलं. तुझ्यापर्यंत धावत यायला हवं होतं, आले नाही. ते माझ्या पदरी.

इकडे हद्दीचा वाद कुणालाच सुटला नाही की त्या जागेची माती डोक्यावर घेऊन वडीलधाऱ्याने अनवाणी चालायचं. तो चालेल ती हद्द. ती शपथ असते, पितांबर. तुला वाट हवी होती, लोकांनी हद्द पाहिली. धनुकाकू पोराच्या भिंतीला घासून चालल्या, म्हणजे त्यांनी सांगितलं की आमची जागा आमच्या भिंतीशी संपते आणि बखळ सगळी तुझ्या दाजींची. सख्ख्या आईने पोराविरुद्ध साक्ष दिली.

त्याच संध्याकाळी धुडकूने तिला ओट्यावरून केसाला धरून खाली ओढलं आणि पराणीने मारलं. पराणी म्हणजे बैल हाकायची टोकाला खिळा लावलेली काठी, पुण्यात विसरला असशील. पंचाहत्तर वर्षांची बाई. पाठीतून सात ठिकाणी रक्त आलं, मी मोजलं, कारण हळद मीच भरली. हे कुऱ्हाड घेऊन गेले आणि तिला उचलून आमच्या घरी घेऊन आले. लोक म्हणतात रतिलालला चुलतीची दया आली. मी त्याच घरात राहते, मला दया कुठली ते कळतं.

कारण शपथेला मुदत असते. चाळीस दिवस. तेवढ्यात चालणाऱ्याला किंवा त्याच्या घरात कुणाला मरण आलं तर शपथ खोटी, हद्द खोटी. पंच म्हणून प्रेमचंदशेठ मोजतात. पंचवीस जानेवारीला दिवेलागणीला मुदत पुरी होते. यांना म्हातारी तोवर जिवंत हवी आहे. आणि धुडकू चौकात उभा राहून म्हणतो, "चाळीस दिन म्हतारी टिकनी तं देखसू."

हे दोन राक्षस आणि मधे ती. पोलिसांना ती काही सांगत नाही, "पडनू" एवढंच म्हणते. तू ये. त्याच मैदानावर उभा राहा आणि सांग की ती शपथ नव्हती, तुझा खेळ होता. तुझ्याशिवाय कुणी सांगून ते खरं वाटणार नाही. फोटोचं नंतर बघ.

तुझी अक्का

•

पुणे, ता. ८ जानेवारी १९६२

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मी लगेच निघणार होतो, पण अहवाल पंधरा तारखेला मुंबईला जायचा आहे आणि साहेब रजा देत नाहीत. खरं सांगतो, मीही फार जोराने मागितली नाही. मला वाटलं, माझ्या तोंडापेक्षा शिक्क्याचा कागद जास्त चालेल.

म्हणून सोबत ऑफिसचा कागद जोडला आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे: "सदर रेषा केवळ सूचनावजा असून अंतिम नाही. अंतिम निर्णय यथावकाश होईल." हा प्रेमचंदशेठकडून गल्लीत सगळ्यांसमोर वाचवून घे. शपथेचा प्रश्नच उरणार नाही.

काकूंच्या औषधासाठी दहा रुपयांची मनिऑर्डर केली आहे. पुढच्या महिन्यात नक्की येतो.

तुझा,
पितांबर

•

शहादा, ता. १६ जानेवारी १९६२

चि. पितांबर,
आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझा कागद मी संक्रांतीला वाचवला. सगळे घरी असतात म्हणून तोच दिवस धरला, ही माझी अक्कल.

त्याआधी पाच तारखेला धुडकूने स्वतःचा बैल भर चौकात आणला आणि कुऱ्हाडीने त्याच्या मानेवर चार घाव घातले. म्हणाला, बघा, माझ्या घरात मरण आलं, हद्द खोटी. प्रेमचंदशेठ म्हणाले, हाताने मारलेलं धरत नाहीत, आणि जनावर तर नाहीच. बैल तासभर पाय झाडत होता. असा तापलेला माणूस, आणि त्याच्यासमोर प्रेमचंदशेठनी चष्मा पुसून वाचलं की रेषा अंतिम नाही, निर्णय यथावकाश होईल. धुडकू हसला. म्हणाला, सरकारसुद्धा चाळीस दिवस थांबलं आहे. म्हातारी गेली की निर्णय माझा.

दुपारी तो मेहुण्यांना घेऊन आला. सहा जण होते, काठ्या होत्या. म्हणाला, माझी आई माझ्या घरी न्यायची आहे. घरात नेऊन अन्नपाणी तोडलं तर हाताने मारलं असं कोण म्हणणार, हा त्याचा डाव. हे दारात आडवे झाले. पहिली काठी यांच्या डोक्यात बसली. कवटी वाजलेली मी ऐकली. रक्ताने डोळे भरले तरी यांनी कुऱ्हाडीचा दांडा फिरवला आणि एका मेहुण्याचा जबडा तुटून लोंबायला लागला. मी तिळगुळाची परात हातात घेऊन उभी होते, तीच एकाच्या तोंडावर मारली.

तेवढ्यात धुडकू आत शिरला आणि त्याने धनुकाकूंचा उजवा हात धरला. यांनी वळून डावा धरला. पितांबर, ते दोघे तिला ओढत होते. एका आईच्या दुधावर वाढलेले नसतील, पण एका चुलीवर वाढलेले आहेत. ती ओरडली नाही. कमरेत काहीतरी मोडलं, कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडते तसा आवाज झाला, आणि ती मधेच खाली बसल्यासारखी पडली. तेव्हा कुठे दोघांनी हात सोडले.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड, या वयात जुळणार नाही. अंगात ताप आहे. मुदतीला नऊ दिवस राहिले. आता ती गेली तर हाताने गेली की तापाने हे पंच सांगू शकत नाहीत, म्हणजे शपथ खोटी धरणार आणि मग हे दोघे कुऱ्हाडी घेऊन बखळीत उतरणार. त्यातून एक तरी परत येणार नाही.

काकूंनी मला एक गोष्ट सांगितली आहे. ती मी लिहिणार नाही. मी रात्रंदिवस तिच्याजवळ बसते, चमच्याने पेज भरवते. कागद पाठवू नकोस.

अक्का

•

पुणे, ता. २३ जानेवारी १९६२

ती. अक्कास,

मी काय लिहू? माझ्या कागदाने हे केलं. अहवालाचं साहेबांनी कौतुक केलं, तो फोटो त्यांनी भिंतीवर लावला होता. काल मी तो काढून टाकला आणि साहेबांना सगळं सांगितलं.

त्यांनी रजा दिली आहे आणि सहीचा हुकूमही दिला आहे की ती बैठक रद्द, तिच्यातली प्रत्येक रेषा रद्द. मी चार फेब्रुवारीला येतो. त्याच मैदानावर सगळ्यांच्या पाया पडेन आणि सांगेन की ती शपथ नव्हती, मी मांडलेला खेळ होता, ती हद्द नाही. हवं तर मला मारा म्हणेन. तू सांगितलंस तेव्हाच यायला हवं होतं.

काकू कशा आहेत?

तुझा अपराधी,
पितांबर

•

शहादा, ता. २७ जानेवारी १९६२

चि. पितांबर यास,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस.

धनुकाकू गेल्या. गावाच्या हिशोबाने पंचवीस तारखेला दिवे लागल्यावर गेल्या. प्रेमचंदशेठ दारात उभे राहून म्हणाले, चाळीस दिवस पुरे झाले, हद्द खरी. त्यानंतर मी हंबरडा फोडला. तो हंबरडा खोटा नव्हता, फक्त उशिरा होता.

खरं तर त्या सकाळीच गेल्या होत्या. मी पेजेचा चमचा ओठाला लावला आणि पेज तशीच गालावरून खाली आली. ऊन नुकतं ओट्यावर आलं होतं. सगळा दिवस बाकी होता. मी दार ओढलं, तिचे डोळे मिटले, हनुवटीखाली फडकं दुमडून ठेवलं आणि हात गार पडायला लागले म्हणून गोधडीत घातले. आणि बसले. यांना सांगितलं, झोप लागली आहे, आवाज करू नका. यांच्या डोक्याला पट्टी, हे ओट्यावरच पडून होते. बायका डोकावल्या, त्यांना हाकललं. दुपारी धुडकू उंबऱ्यापाशी आला. म्हणाला, "जित्ती शे का?" मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्यासमोर तिच्या ओठांना पाणी लावलं. पाणी थोडं आत गेलं. तो बघत राहिला आणि गेला.

आता ती गोष्ट लिहिते. हाड मोडल्यावर तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "जमना, बखळ आर्धी आर्धी शे. मी खोटं चालनू." मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, "त्या साहेबनी सांगं ना, तुले जठे पाहिजे तठेन चाल. मन्ही जिंदगीमा कोन्हीच असं इचारं नही. माले जठे पाहिजे तठेन मी चालनू." आपल्या पोराच्या वाट्याचं देऊन टाकलं तर रतिलाल निवेल, आणि आईच्या शपथेपुढे धुडकूला बोलता येणार नाही, असा त्यांचा विचार. खोट्या शपथेने मरण येतं हे त्या मानत होत्या. म्हणाल्या, "मरनं ते शेच. फक्त माले चाळीस दिन जित्ती ठेव."

तेव्हा तुझी पद्धत अगदीच वाया गेली नाही. चारशे माणसांत तुझं बोलणं एका बाईला बरोबर कळलं.

काल सरण विझलं आणि धुडकू सरळ बखळीत गेला. भिंतीला घासून खुंट्या ठोकायला लागला. त्याच्या आईने सांगितली ती हद्द, आणि ती खरी होती, चाळीस दिवस खरी राहिली, आणि खरं सांगितलं म्हणून तिला त्याने मारलं, असं तो मोठ्याने बोलत होता. शेवटची खुंटी झाली तेव्हा आईवर पराणी उचलली होती तो उजवा हात त्याने खुंटीवर ठेवला आणि डाव्याने खुंट्या ठोकायची मोगरी घातली. हे धावत गेले म्हणून एकाच घावावर थांबला. बोटांचा चेंदामेंदा झाला आहे. यांनी स्वतःचं धोतर फाडून तो हात बांधला. मग दोन बोटं तुटलेला हात आणि तो फुटलेला हात घेऊन दोघे मातीत बसून रडले. बारा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

मी तुला महिन्यापूर्वी बोलावलं होतं, ये आणि तो खेळ होता असं सांग म्हणून. आता तेच सांगायला तू येतो आहेस. तू आलास आणि ती हद्द नाही म्हणालास, तर त्याने आईला कशासाठी मारलं आणि हात कशासाठी फोडला? त्याचा डावा हात शाबूत आहे, आणि कुऱ्हाड डाव्यानेही चालते. यांचीही घरातच आहे.

साहेबांचा हुकूम फाडून टाक. आम्हाला वाट द्यायची असेल तर त्या भिंतीच्या कडेनेच द्या, एक हातही इकडे तिकडे नको, आणि नकाशात ती रेषा पक्क्या शाईने काढ. कुणी विचारलं तर सांग, लोकांनी ठरवली. हे पत्र वाचलंस की जाळ.

तुला वाटत असेल, खोट्यावर सही कशी करू. मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मेलेल्या बाईच्या ओठांना पाणी लावत बसले होते, पितांबर. तुला फक्त गप्प बसायचं आहे.

तुझी अक्का